चूलबंद आवतनाची लिंक

त्या दिवशी सकाळी चहा पिता पिता मी बायकोला फक्त एवढंच म्हणालो होतो, "तू कायले घरोघर फिरतं? मी एक लिंक बनवून देतो." मोजून नऊ शब्द. त्या नऊ शब्दांपायी पुढे माझ्या सख्ख्या बहिणीचं कनेक्शन कापलं गेलं, महागावच्या मावशीच्या डीपीचा घोळ झाला आणि मी स्वतःच्याच नवसाच्या जेवणाला उपाशी राहिलो. पण हे क्रमाने सांगायला हवं. (बायकोच्या मते मला क्रमाने काहीच सांगता येत नाही. बघू.)

मी नयन. नाव नयन आणि चष्मा साडेसहा नंबरचा, हा विनोद शाळेत होऊन गेलेला आहे, तुम्ही पुन्हा करू नये. मी कळंबला राहतो आणि घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करतो. ही कंपनी शेतातल्या मोटारी मोबाइलवरून चालू-बंद करायचं ॲप बनवते आणि तिथे माझ्याकडे काम आहे ते बाइंडिंगचं.

आता बाइंडिंग म्हणजे काय? लिंकच्या पत्त्यात प्रश्नचिन्हाच्या पुढे काहीबाही सुटं सुटं लिहिलेलं असतं, ते तुम्ही पाहिलं असेल. (नसेल तर उत्तम, तुमचा संसार सुखाचा चाललाय.) नाव=अमुक, गाव=तमुक, मोटर=चालू. हे सुटे तुकडे वेचायचे, त्यांचा अर्थ लावायचा आणि त्यांची एक अख्खी वस्तू बांधायची. म्हणजे एक शेतकरी, त्याचं गाव आणि त्याची मोटर, सगळं एका जागी. हे काम करणारी तयार सोय मिळते, पण तिला मराठी कळत नाही. म्हणून मी स्वतःच्या हाताने एक खास बाइंडर लिहिला. 'चालू', 'सुरू', 'हो', 'एक' यातलं काहीही आलं तरी तो समजतो, मोटर चालू. 'बंद', 'नाही', 'शून्य' आलं की मोटर बंद. या बाइंडरबद्दल साहेबांनी मीटिंगमध्ये माझं नाव घेतलं होतं. (चुकीचं घेतलं, 'नवीन' म्हणाले, पण घेतलं.)

हे सगळं मी प्रेरणाला, म्हणजे बायकोला, अर्धा तास समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे झाडावरचा कापूस वेचून गाठोडं बांधाचं, असंच ना?" मला वाईट वाटलं, कारण ते तसंच होतं.

सासरे वामनराव निवृत्त शिक्षक. गावातच राहतात. त्यांनी विचारलं, "जवाई, नेमकं काय काम करून राह्यले तुमी?" मी म्हणालो, "बाइंडिंग." त्यांचा चेहरा उजळला. "वा! पुस्तकाले मरन नाई." तेव्हापासून त्यांनी कळंबभर सांगून ठेवलंय की जावई पुण्याच्या कंपनीची पुस्तकं बांधतात. एकदा तर पानं सुटलेली जुनी पोथी घेऊन आले. "फुरसतीनं करा, पन मजबूत करा." खरं सांगायचा धीर झाला नाही. मी पोथी कपाटात ठेवली आणि सध्या मोठ्या ऑर्डरी आहेत म्हणालो.

तर, नवस. माझी नोकरी कायम व्हावी म्हणून प्रेरणाने शेतातल्या मारुतीला रोडग्यांचा नवस बोलला होता. मारुतीने चार वर्षं विचार केला आणि यंदा होकार दिला. शनिवारी देवसिंगभाऊंच्या शेतात, आंब्याखाली रोडगे करायचं ठरलं. गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, कणकेचे रोडगे भाजावे तर देवसिंगभाऊंनीच. पलीकडच्या तांड्यावरून माणसं त्यांना बोलवायला येतात.

प्रेरणाने वहीत बासष्ट घरं लिहिली. आमच्याकडे आवतन दोन तऱ्हेचं असतं. ओळखीपाळखीच्या घरी सांगायचं 'घरचा एक', म्हणजे एकाने येऊन जेवून जायचं. आणि जवळच्या माणसाला द्यायचं ते 'चूलबंद'. आजोबांपासून पाळण्यातल्या लेकरापर्यंत सगळ्यांनी यायचं, त्या दिवशी तुमच्या घरी चूल पेटवायचीच नाही. वहीत अठरा घरं चूलबंद होती आणि चव्वेचाळीस घरचा एक.

चूलबंदमध्ये सगळ्यात वर नाव होतं विमलताई, मारेगाव.

विमलताई माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो, ती एकोणीस. माझ्या डोक्याला तेल लावण्यापासून माझी फी भरायच्या रांगेत उभं राहण्यापर्यंत सगळं तिने केलं. आणि मी काय केलं? तीन वर्षांपूर्वी माझ्या मुलीचं, खुशीचं बारसं होतं. बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा. त्या आत्याला मी घरी जाऊन बोलावलं नाही. कार्ड व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड केलं. त्यावर वरच्या बाजूला बारीक अक्षरात आलं होतं, 'अनेकदा फॉरवर्ड केलेले'. ताई आली नाही. शेजारणीने कानात कुर्र केलं. त्यानंतर तीन वर्षांत ताईने आमचा उंबरा ओलांडला नव्हता आणि फोनवर 'बरं हाय' यापलीकडे ती बोलली नव्हती.

प्रेरणाला याचं फार लागलं होतं. (माझी चूक, पण बोल सुनेलाच लागतो ना.) तिने धीर करून ताईला फोन लावला. "ताई, शनिवारी रोडगे हायेत. तुमाले चूलबंद आवतन हाय." मग ताई म्हणाली, "पाह्यतो." प्रेरणाने फोन ठेवला आणि डोळे पुसले. तीन वर्षांत ताई पहिल्यांदाच 'बरं हाय' सोडून दुसरं काही बोलली होती.

"हे पाहा," ती मला म्हणाली, "बाकीच्याईले लिंक पाठवा नाई तं कबुतर पाठवा. पन ताईकडे तुमी सोता जा. अक्षत घेऊन जा."

"जातो ना," मी म्हणालो.

इथे माझा स्वभाव आडवा आला. मारेगाव दीड-दोन तासांवर. मला वाटलं, ताईसाठी तिच्या नावाची खास लिंक करू. उघडली की वर मोठ्या अक्षरात तिचं नाव. फॉरवर्ड नाही, खास तिचं! ती पाहून ताईचं मन विरघळेल आणि मग मी निवांत जाईन, असा माझा हिशोब होता.

लिंका करायला मला पाऊण तास लागला, कारण मी नवीन काही केलंच नाही. कंपनीसाठी लिहिलेला बाइंडर उचलला, मोटारीचं पान उचललं, 'मोटर'च्या जागी 'चूल' लिहिलं. पानावर 'आपली मोटर चालू झाली आहे' असं यायचं, ते खोडून 'आपल्या संपूर्ण कुटुंबाचे हार्दिक स्वागत आहे' असं केलं. वही समोर ठेवून पत्ते बनवले. नाव=विमलताई, गाव=मारेगाव, चूल=बंद. नाव=राजदीप, गाव=कळंब, चूल=एक. गावातल्या या राजदीपच्या लिंकवर एकदा तपासून पाहिलं. तोरण, रोडग्याचं चित्र, हार्दिक स्वागत. झकास! बुधवारी सकाळी मी बासष्ट लिंका सोडल्या आणि आरशात स्वतःकडे पाहून घेतलं.

गुरुवारी पहिला फोन आला तो महागावहून, प्रेरणाच्या रुखमाबाई मावशीचा.

"जवाई, आमचं कनेक्शन काहून कापलं?"

"मावशी, लाइट गेली का? गावची डीपी जळाली असन."

"डीपी? माह्या डीपीले काय झालं? देवाचा फोटो लावला हाय मी!"

"ते डीपी नाई मावशी, खांबावरची, लाइटची पेटी."

"खांबावर कायले लावू फोटो? मी काय निवडनुकीले उभी हावो काय?"

"मावशी, वायरमनला फोन करा ना."

"वायरमन देऊन राह्यला का रोडग्याचं आवतन?"

मी मावशीची लिंक उघडली. तोरण नाही, रोडगा नाही. लालभडक पानावर फुली मारलेल्या मोटारीचं चित्र आणि खाली अक्षरं:

'नमस्कार, रुखमाबाई. आपले कनेक्शन बंद करण्यात आले आहे. वारंवार प्रयत्न करू नये.'

चूल=बंद. माझ्या गुणी बाइंडरने अर्थ लावला होता, बंद म्हणजे बंद. आणि 'चालू'चा मजकूर मी बदलला होता, 'बंद'चा तसाच राहिला होता. ज्यांना सगळ्यात जवळचं आवतन द्यायचं होतं त्या अठरा घरांना मी, नाव घेऊन, नमस्कार करून, हाकलून लावलं होतं.

मी नोंदी उघडल्या. कोणी कोणती लिंक कधी उघडली, ते आमच्याकडे दिसतं. मारेगावची लिंक बुधवारी सकाळी उघडली गेली होती. आणि पुन्हा. आणि पुन्हा. एकूण अकरा वेळा. वारंवार प्रयत्न करू नये, असं लिहिलेलं असूनही.

ताईला फोन लावला. बंद. (हे 'बंद' मात्र बाइंडरला बरोबर कळलं असतं.)

प्रेरणाला सांगावंच लागलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती खाली बसली. म्हणाली, "तुमी गेलतेच नाई ना ताईकडे?"

"जानारच होतो."

"चुलीत घाला ते बाइंडर," ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, "मी त्याईले कोन्या तोंडानं फोन केलता, तुमाले मालूम हाय काय?"

शुक्रवारी सकाळी मी मोटारसायकल काढली. खिशात अक्षत आणि कुंकवाची पुडी. वाटेत काय बोलायचं याची तालीम केली, तीन वेळा. तिन्ही वेळा मलाच पटलं नाही.

ताईचं दार उघडंच होतं. ती ओसरीवर सुपात तूर निवडत बसली होती. मला पाहून तिचे हात थांबले नाहीत.

"कोन हाय? कनेक्शन तं बंद हाय म्हने आमचं."

"ताई, तसं नाई ते..."

"वारंवार प्रयत्न करू नये असंबी लिवलं व्हतं. मंग तू काहून प्रयत्न करून राह्यला?"

"ताई, तुह्या अन् अजून सतरा घराईच्या आवतनात मी चूल बंद लिहिलतं. मशीनले वाटलं, बंद म्हंजे बंद."

"कोन्या मशीनले?"

"मी बनवलं त्या."

"म्हंजे तुलेच वाटलं."

(इतकी वर्षं नोकरी केली, पण कोणत्याच साहेबाने माझी चूक इतक्या थोडक्यात दाखवली नव्हती.)

ताईने सूप बाजूला ठेवलं.

"आई गेली तवा आपल्या घरी दहा दिस चूल पेटली नाई. शेजारच्या मानीबाईच्या घरून ताट येत जाये. तू मले इचारलतं, ताई, आपली चूल बंद हाय तं जेवन कुठून येते? मी काय सांगलतं?"

मला आठवत होतं. न आठवायला काय झालं? "दुसऱ्याची चूल आपल्यासाठी जळून राह्यली, असं सांगलतं."

"आठवते ना? मंग त्या मशीनले काहून नाई सांगलं, बह्याडा?"

तालमीतलं एकही वाक्य तोंडातून निघेना. नको ते निघालं. "ताई, तू ते अकरा खेपा उघडलं."

"तुले कसं मालूम?"

"लागते मालूम."

ताई जरा ओशाळली. पुन्हा सूप ओढून घेतलं आणि तुरीकडे बघत म्हणाली, "वरतं 'नमस्कार, विमलताई' लिवलं व्हतं. बारश्याच्या कार्डावर माह्यं नाव नव्हतं. तेवढंच पाहून राह्यलती. खालचं नाई वाचलं मंग."

मला रडू आलं. चांगला अडतीस वर्षांचा माणूस, चष्मा काढून, मारेगावच्या ओसरीवर रडत होतो. ताईने पदराने माझा चष्मा पुसून दिला आणि म्हणाली, "आता रडू नोको. बाहेर जा, अन् नीट आवतन दे. दारातून."

मी बाहेर गेलो. खिशातून अक्षत काढली. दारात उभा राहून म्हणालो, "विमलताई, उद्या रोडग्याचं चूलबंद आवतन हाय हो."

"आयकू नाई आलं."

"विमलताई, उद्या चूलबंद आवतन हाय!" मी ओरडलो. समोरच्या घरातल्या दोन बाया बाहेर आल्या. त्यांनाही द्यावं लागलं. चूलबंदच.

"बाकीचे सतरा घरं?" ताईने विचारलं. तिने हात पुढे केला. "आन इकडे फोन."

आणि मग मी पाहिलं, बाइंडिंग कशाला म्हणतात ते. ताईने वही न पाहता सतरा घरं जोडली. "रुखमाबाई, मी नयनची विमल बोलून राह्यली. पोट्टं बह्याड हाय, तुमाले तं मालूमच हाय. उद्या चूल पेटवसान तं याद राखा." कोणाला मामी, कोणाला काका, कोणाच्या गुडघ्याची चौकशी, कोणाच्या सुनेला कितवा महिना ते पण. एका तासात सतराही घरं चूलबंद झाली. एकाही ठिकाणी प्रश्नचिन्ह लागलं नाही.

शनिवारी सकाळी ताई पहिल्या गाडीने शेतात हजर. खुशी प्रेरणाच्या मागे लपून या नव्या माणसाकडे बघत होती. ताईने तिला जवळ ओढलं, मांडीवर घेतलं आणि तिच्या कानाला तोंड लावून मोठ्यांदा 'कुर्र' केलं. मग हळूच काहीतरी सांगितलं.

"काय नाव ठेवलं ताई?" प्रेरणाने विचारलं.

"आमच्यातलं हाय ते," ताई म्हणाली. खुशीनेही मान हलवली. अजूनपर्यंत ती पोरगी कोणाला ते नाव सांगत नाही. प्रेरणा ताईच्या पाया पडली आणि दोघी आंब्याखाली उभ्या राहून बराच वेळ रडल्या. मी वांगी चिरायचं निमित्त काढून लांब गेलो. सगळं कसं छान झालं, असं वाटून मी तिथे दोन वांगी जास्तच चिरली.

अकरा वाजता पहिला ऑटो आला. त्यातून राजदीप उतरला. मग त्याची बायको रुपाली, आई, वडील, दोन मुलं, मेहुणा आणि मेहुण्याचा मित्र.

"या या," मी म्हणालो. मनात म्हणालो, घरचा एक सांगितला होता ना?

राजदीपने मोबाइल पुढे केला. "इतक्या मायेनं बोलावलं तुमी, मंग कोनाले घरी ठेवू?"

पानावर तोरण होतं, रोडगा होता आणि अक्षरं होती: 'आपल्या संपूर्ण कुटुंबाचे हार्दिक स्वागत आहे.'

चूल=एक. एक म्हणजे चालू. अठरा घरांच्या गडबडीत उरलेली चव्वेचाळीस मी साफ विसरलो होतो. पाठोपाठ दुसरा ऑटो आला, तिसरा आला, मग एक ट्रॅक्टर ट्रॉलीसकट आला. देवसिंगभाऊंनी आरातून मान वर करून बांधाकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "नयनभाऊ, लगन हाय काय आज?"

प्रेरणाने माझ्याकडे पाहिलं. ते वर्णन मी करणार नाही. पण ताईने पदर खोचला. "रोडगे अर्धे करा! वरनात पानी घाला! नयन, तू वाढाले लाग, अन् तोंड उघडू नोको." दुपारी तीनपर्यंत मी वाढत होतो. सांगायला आनंद वाटतो की त्या दिवशी आंब्याखालून कोणीही उपाशी उठलं नाही.

यजमान शेवटी जेवतो. शेवटी मी आराजवळ गेलो तेव्हा तिथे राख होती. वांग्याच्या भाजीच्या पातेल्यात देठ होते. मी प्रेरणाला हळूच म्हणालो, "घरी गेल्यावर पिठलं-भात टाकशीन काय थोडासा?"

"आज कशी टाकू?" ती म्हणाली. "आपल्यालेबी चूलबंदच हाय ना."

आमच्या मागे वामनराव मोठ्या तृप्तीने ताईशी बोलत बसले होते. ताईने त्यांना विचारलं होतं, मामाजी, हा नेमका काय काम करते हो? वामनराव अभिमानाने म्हणाले, "बाइंडिंग! पुन्याच्या कंपनीचं."

ताई म्हणाली, "तरीच बाप्पा. तरीच सारी पानं इकडची तिकडे लागली."

ती दोघं इतकी हसली की देवसिंगभाऊ पण उठून बघायला आले. घरी आल्यावर मी तडक कपाट उघडलं, वामनरावांची पोथी काढली, दाभण आणि दोरा घेतला. म्हटलं, एक तरी काम आयुष्यात नीट बांधून दाखवू. दोन दिवस खपून बांधली, मजबूत बांधली. वामनरावांनी ती डोक्याला लावली, उघडली, बराच वेळ चाळली आणि मोठ्या मायेने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"शिलाई एक नंबर हाय, जवाई," ते म्हणाले. "फक्त देव आता पहिले पावते अन् नवस मागून होते."